सुंतेनंतरचं दुखणं : औषध घड्याळाप्रमाणे, वजनाप्रमाणे

प्रश्न : आमच्या 4 वर्षांच्या मुलाची सुंता झाली. घरी आणलं तेव्हा तो मजेत खेळत होता. रात्री मात्र कळवळून रडायला लागला. पॅरासिटामॉलचं पातळ औषध 5 मि.लि. दिलं, फारसा फरक पडला नाही. आता तो शू करायलाच तयार नाही. वजन 16 किलो आहे. काय करावं?

उत्तर : औषध उशिरा दिलं गेलं आणि बहुधा कमीही पडलं. शस्त्रक्रियेच्या वेळी कमरेत किंवा शिश्नाच्या मुळाशी बधिर करणारं इंजेक्शन देतात. त्याचा असर काही तास टिकतो, म्हणून मूल घरी येताना हसतंखेळतं असतं. तो असर उतरला की दुखणं एकदम उसळतं, आणि तोंडाने दिलेलं औषध लागू पडायला अर्धा-पाऊण तास जातो. म्हणूनच पहिला डोस मूल हसत असतानाच द्यायचा. त्यानंतरचे दोन-तीन दिवस ते रडो वा न रडो, ठरल्या वेळी औषध द्यायचं.

आता मात्रा. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे 15 मि.ग्रॅ., म्हणजे तुमच्या मुलाला 240 मि.ग्रॅ. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. '5 मि.लि.मध्ये 120 मि.ग्रॅ.' असं लिहिलं असेल, तर तुम्ही दिलेला डोस बरोबर निम्मा होता, 10 मि.लि. लागतील. '5 मि.लि.मध्ये 250' असेल तर 4.8 मि.लि. पुरे. त्या दाट औषधाचे 10 मि.लि. गेले तर दुपटीहून जास्त डोस होईल, आणि जास्तीच्या पॅरासिटामॉलने यकृताला इजा होते. घरातला चमचा वापरू नका, सुईविना सिरिंजने मोजा. दर 6 तासांनी एक, 24 तासांत चारच डोस. सर्दीच्या औषधांतही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं, ती सोबत देऊ नका.

एवढ्याने भागत नसेल तर डॉक्टरांना विचारून आयबुप्रोफेन जोडता येतं : किलोमागे 10 मि.ग्रॅ., दर 8 तासांनी, काहीतरी खाल्ल्यावर. तुमच्या मुलाला 160 मि.ग्रॅ.; 5 मि.लि.मध्ये 100 मि.ग्रॅ. असलेल्या बाटलीतून 8 मि.लि. दोन्ही औषधं एकाच दिवशी चालतात. फक्त कोणतं, किती वाजता, किती दिलं हे कागदावर लिहून कपाटाला चिकटवा. घरातली दोन माणसं आळीपाळीने जागतात तेव्हा एकच डोस दोनदा दिला जाण्याचा धोका खरा असतो. दमा, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्तस्रावाची प्रवृत्ती असेल, उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालं असेल, तर आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय नको. ॲस्पिरिन मुलांना कधीच नाही. कोडीन 12 वर्षांखालच्यांना देत नाहीत. डॉक्टरांनी वेगळी मात्रा लिहून दिली असेल तर तीच पाळा.

शू अडवण्याचं कारण भीती. एकदा चुरचुरलं की मूल पाणी पिणं टाळतं, लघवी गडद होते, आणि गडद लघवी जखमेला आणखी झोंबते. थोडं थोडं पाणी वारंवार पाजा. टबमध्ये कंबरभर कोमट पाणी घेऊन त्याला बसवा आणि पाण्यातच शू करू द्या. लघवी पातळ होऊन लागत नाही. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी जखम भिजवू नका म्हटलं असेल, तर शू करताना पेल्याने वरून कोमट पाणी ओता. 8 ते 12 तास लघवीच झाली नाही तर दवाखान्यात न्या.

कपड्यांकडे मोठ्यांचं लक्ष जात नाही. आजवर कातडीखाली झाकलेली बोंडी आता उघडी पडली आहे; चादर घासली तरी मूल दचकून उठतं. सैल लुंगीसारखं काही नेसवा. बोंडीवर पेट्रोलियम जेलीचा जाड थर द्या, म्हणजे कापड चिकटत नाही. पट्टी चिकटली असेल तर ओढू नका, 10-15 मिनिटं कोमट पाण्यात भिजू द्या.

प्रश्न : मुलाच्या जखमेवर तिसऱ्या दिवशी पिवळसर थर दिसतोय, सूजही वाढली आहे. पू झाला का? दात येताना हिरड्यांना लावायचं बधिर करणारं जेल लावू का?

उत्तर : जेल अजिबात नको; तसली काही औषधं लहान मुलांच्या रक्तातून प्राणवायू वाहून नेण्यात अडथळा आणतात. बोंडीवरचा पिवळट-पांढरा ओलसर थर बहुतेकदा भरत्या जखमेचा असतो, तो खरवडू नका. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसते, मग उतरते. पण लाली पोटाकडे किंवा वृषणाकडे पसरत असेल, घाण वास येत असेल, 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल, किंवा कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढलं, तर त्याच दिवशी दाखवा. रक्त आलं तर स्वच्छ गॉजने 10 मिनिटं सलग दाबून धरा. मध्ये उचलून बघितलं की धरलेली गुठळी सुटते. तरी थांबलं नाही तर दाब न सोडता निघा.

प्रश्न : बाळ 2 महिन्यांचं आहे. हीच औषधं चालतील?

उत्तर : आयबुप्रोफेन नाही. पॅरासिटामॉलसुद्धा डॉक्टरांनी मात्रा लिहून दिली असेल तरच. ताप आला तर औषध देऊन वाट बघू नका, लगेच दाखवा. एरवी अंगावर पाजणं आणि उराशी धरणं यांनी तान्ह्या बाळाचं दुखणं खरोखर कमी होतं. सुंता करताना शिश्नावर प्लास्टिकची कडी बसवली असेल तर ती आपोआप गळेपर्यंत ओढू नका. कडी मागे सरकून बोंडी सुजली किंवा काळीनिळी पडली तर रात्र असली तरी थांबू नका.