पहिला चक्रव्यूह काढताय? मग एवढंच करा

चक्रव्यूह म्हणजे मध्यापर्यंत एकच वळणदार वाट नेणारी नक्षी; वाट मध्याभोवती जितकी वळसे घेते, तितक्या तिच्या फेऱ्या. फ्रान्समधल्या शार्त्र कॅथेड्रलच्या 11 फेऱ्यांच्या चक्रव्यूहाला एवढ्यात हात घालू नका. क्रीट बेटावरच्या प्राचीन नॉसॉस शहराच्या नाण्यांवरचा 7 फेऱ्यांचा घ्या. (गोव्यात पणसायमळच्या जांभ्यावर कोरलेला चक्रव्यूह जमलं तर बघून या.)

- आधी अधिकचिन्ह. चारही चौकटींत एकेक काटकोन, कोपरा मध्याकडे. काटकोनाच्या उघड्या बाजूला, प्रत्येक चौकटीच्या बाहेरच्या कोपऱ्यात ठिपका.
- अधिकचिन्हाचं वरचं टोक उजवीकडच्या शेजारच्या टोकाला कमानीने जोडा. मग डावीकडचं पुढचं टोक उजवीकडच्या पुढच्या टोकाला. असंच पुढे करत एकूण 8 कमानी, ठिपकेही टोकंच धरायचे.

नवखे हमखास एखादा ठिपका गाळतात आणि पुढचं सगळं गणित बिघडतं. दुसरं, कमानी वरच्या अंगाला जास्त पसरतात, म्हणून सुरुवात कागदाच्या मध्याच्या जरा खाली करा. पेन्सिलच वापरा. शेवटी वाटेवरून बोट फिरवा, कुठेही न अडता मध्यापर्यंत गेलं पाहिजे. 11 फेऱ्यांचं नंतर बोलू.