दात उगवायचा की दुरुस्त करायचा?

तुझ्या पत्राचा मथितार्थ असा: दंतवैद्यकाचं तिसरं वर्ष चालू आहे, दाढा काढत आणि भरत जन्म घालवायची इच्छा नाही, आणि जपानमध्ये नवा दात उगवणाऱ्या औषधाच्या चाचण्या सुरू झाल्याची बातमी वाचल्यापासून टिश्यू इंजिनिअरिंगने, म्हणजे पेशींपासून शरीराचे भाग घडवण्याच्या शास्त्राने, झपाटलं आहेस. पदवी अर्धवट सोडून बायोटेक्नॉलॉजीला जाऊ का, असं विचारतेस. शेवटी एक ओळ आईची: ‘यात नोकरी कुठे असते?’

पदवी सोडू नकोस. कारणं पुढे सांगते, पण आधी त्या बातमीचं बघू. २०२४ मध्ये क्योटोत माणसांवर सुरू झालेली चाचणी एका अँटिबॉडीची, म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटणाऱ्या रेणूची आहे. दाताच्या वाढीला लगाम घालणारं यूसॅग-१ नावाचं प्रथिन ती अडवते. पहिला टप्पा औषध सुरक्षित आहे का, एवढंच पाहण्यासाठी होता. संशोधन मोठं आहे, वाद नाही. पण ते औषधशास्त्राचं काम. पेशी, त्यांना वाढायला आधार देणारा सांगाडा म्हणजे स्कॅफोल्ड, आणि वाढीचे संकेत देणारी प्रथिनं हा तुझा ध्यास असेल, तर त्या गावाला जाणारी ही वाट नव्हे.

एनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कठीण आवरण, बनवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येता येता संपतात, म्हणून एनॅमल पुन्हा तयार होत नाही. त्यामुळे या क्षेत्रातलं बहुतांश काम दुरुस्तीचं आहे: झिजलेलं जबड्याचं हाड, मागे सरकलेली हिरडी, उघडा पडलेला पल्प, म्हणजे दाताच्या आतला रक्तवाहिन्या आणि नसा असलेला मऊ गाभा. आणि दुरुस्तीतले प्रश्न किती रंगतदार असतात याची बातमी कोणी छापत नाही.

एमटीएचंच घे, म्हणजे मुळाच्या आणि पल्पच्या उपचारात वापरायचं सिमेंट. तुझ्या कॉलेजात ते वापरत असतीलच. महमूद तोराबिनेजाद यांनी कॅलिफोर्नियात लोमा लिंडा विद्यापीठात १९९० च्या दशकात ते पुढे आणलं. मूळ रसायन पोर्टलंड सिमेंटच्या कुळातलं. ओल्या जागी घट्ट होतं, गळती रोखतं, पल्पला सोसतं. पण हाताळायला ओल्या वाळूसारखं, घट्ट व्हायला पावणेतीन तासांच्या आसपास, आणि एक्स-रेत दिसावं म्हणून घातलेल्या बिस्मथ ऑक्साइडमुळे दात काळवंडतो. या तक्रारी आधी खुर्चीशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या लक्षात आल्या. मग बायोडेंटिनसारखी सिमेंटं आली: बिस्मथच्या जागी झिरकोनियम ऑक्साइड, कॅल्शियम क्लोराइडने वेग वाढवलेला, आणि उत्पादकाच्या म्हणण्यानुसार साधारण १२ मिनिटांत घट्ट. मटेरियलच्या माणसाला रसायन कळतं. लाळेने भिजलेल्या दाढेत, रुग्णाचं तोंड दुखायला लागण्याआधी काम आटपायचंय, हे त्याला कोण सांगणार? तुझ्या पदवीची किंमत इथे आहे.

पल्प पुन्हा वाढवण्याचं तुला विशेष आकर्षण दिसतं. दाताच्या पल्पमधल्या मूलपेशींचा शोध २००० साली प्रसिद्ध झाला आणि सगळ्यांना वाटलं, आता रूट कॅनल इतिहासजमा. अडचण प्लंबिंगची निघाली. ऑक्सिजन रक्तवाहिनीपासून जेमतेम १०० ते २०० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पोहोचतो, आणि पूर्ण वाढलेल्या दातात रक्त शिरायला मुळाच्या टोकाशी मिलिमीटरहूनही लहान छिद्र. आत कितीही पेशी ठेवा, मधल्या उपाशी मरतात. मुलांच्या कच्च्या मुळांत, जिथे छिद्र अजून रुंद असतं, तिथे मुद्दाम रक्त येऊ देऊन मुळाची वाढ साधता येते. पण असे दात पुढे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा अनेकांत पल्पऐवजी सिमेंटमसारखी (मुळावरच्या आवरणासारखी) किंवा हाडासारखी ऊती सापडली. म्हणजे हा प्रश्न अजून सुटलेला नाही. पीएचडीला उत्तम, लवकर निकाल हवा असेल तर वाईट.

हाड आणि हिरडीच्या बाजूला गाडी बरीच पुढे गेली आहे. हिरडीच्या पेशी भरभर वाढतात, हाड सावकाश. मध्ये पडदा घातला नाही, तर हिरडी जागा बळकावते. १९८० च्या दशकापासून हे तत्त्व वापरात आहे, आणि विरघळणारे कोलॅजनचे पडदे, कॅल्शियम फॉस्फेटचे ग्राफ्ट, म्हणजे हाडाच्या पोकळीत भरायचं साहित्य, थ्री-डी प्रिंट केलेले सांगाडे यांवर कंपन्या पैसा लावतात. आईला सांग, नोकऱ्या इथे आहेत. सगळ्या प्रयोगशाळेतल्या नसतात. कोणतंही नवं मटेरियल तोंडात जाण्याआधी शरीराला ते सोसतं का हे पाहणाऱ्या आयएसओ १०९९३ आणि दंतसाहित्यासाठीच्या आयएसओ ७४०५ या आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे तपासावं लागतं. त्या चाचण्या आखणारी, कागदपत्रं उभी करणारी, डॉक्टरांना उत्पादन शिकवणारी माणसं लागतात. हे रेग्युलेटरी, म्हणजे नियम आणि मंजुरीचं, काम रटाळ म्हणून नाक मुरडू नकोस. मला ते या क्षेत्रातलं सर्वांत दुर्लक्षित करिअर वाटतं.

आता कामाचं. उरलेल्या वर्षांत डेंटल मटेरियल्स विभागातल्या एखाद्या शिक्षकाला गाठ आणि परवानगीने, काढलेल्या दातांवर छोटा प्रकल्प कर: भरणाच्या कडेने रंग किती आत झिरपतो, इतकं साधं चालेल. सुट्टीत कुठल्या तरी पेशी-संवर्धनाच्या प्रयोगशाळेत महिनाभर बस. पेशींना रविवार कळत नाही, दर दोन-तीन दिवसांनी माध्यम बदलावंच लागतं. आणि एका बुरशीने पूर्ण बॅच गेली की दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावंसं वाटतं का, ते तिथेच कळेल. संख्याशास्त्र आणि पॉलिमरचं रसायन दंतवैद्यकात तोंडी लावण्यापुरतंच शिकवतात, ते बाहेरून भरून काढ.

पदवीनंतर मटेरियल सायन्स किंवा बायोमेडिकल इंजिनिअरिंगमध्ये मास्टर्स, मग हवं तर पीएचडी. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या शोधनिबंधांची संख्या मोजत बसू नकोस. आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत ते विचार, आणि त्या प्रयोगशाळेचा रुग्णालयाशी खरोखर संबंध आहे का ते बघ. आणखी एक, जे मुलाखतीत कोणी आपणहून सांगत नाही: ग्राफ्टवर काम करायचं तर बहुधा उंदीर, ससे, कधी डुकरांवर शस्त्रक्रिया करावी लागते. आपल्याला ते जमणार आहे का, हे प्रवेश घेण्याआधी स्वतःशी ठरव. नसेल जमणार, तर सिमेंट आणि पॉलिमरच्या बाजूला भरपूर काम पडलेलं आहे.