बिअरचा चोथा, शिळा पाव आणि उतरलेली फॅट

तुमच्याकडे बारा दुभत्या गायी आहेत. बिअरच्या कारखान्यातला ओला चोथा, बेकरीतले शिळे पाव आणि रसाच्या कारखान्यातली लिंबूवर्गीय फळांची साल-गर असं तिन्ही एकाच महिन्यात मिळायला लागलं. निम्मा खुराक काढून तुम्ही ते सुरू केलंत. दहा दिवसांत गायीमागे लिटरभर दूध वाढलं, पण दुधातली फॅट ३.९ टक्क्यांवरून ३.२ वर आली आणि शेण पातळ पडतंय. आता उरलेला खुराकही बंद करायचा का, असं विचारताय. माझं उत्तर: सध्या अजिबात नको. फॅट का उतरली ते आधी बघा. हे असंच चालू राहिलं तर दीड-दोन महिन्यांत खुरांचं दुखणं सुरू होईल, आणि तेव्हा ते कशामुळे झालं हे लक्षातही येणार नाही.

मी स्वतः सोळा वर्षं असा माल घालतोय आणि यापुढेही घालणार. माणसाच्या पोटाला नको असलेली टरफलं, साली, चोथा खाऊन गाय दूध देते, यापेक्षा चांगला उपयोग मला तरी दिसत नाही. म्हणूनच तो नीट व्हावा असं वाटतं. अडचण अशी की कारखाना रोज वेगळा माल देतो आणि गायीच्या कोटीपोटाला (जिथे चारा आंबतो त्या पहिल्या मोठ्या पोटाला) रोज तेच लागतं. आतल्या जिवाणूंना नव्या खाद्याशी जुळवून घ्यायला दोन-तीन आठवडे जातात. तुम्ही एका आठवड्यात तीन नवे पदार्थ दिलेत.

फॅटचं सांगतो. दुधातली बरीचशी फॅट तंतुमय वैरण आंबून जे ॲसिटिक आम्ल तयार होतं त्यापासून बनते. चोथ्यात तंतू आहेत, कागदावर भरपूर आहेत, पण ते बारीक आहेत. गायीला ते चावावे लागत नाहीत. चावणं कमी म्हणजे रवंथ कमी, रवंथ कमी म्हणजे लाळ कमी. चांगली खाणारी गाय दिवसाला शंभर लिटरच्या पुढे लाळ गाळते आणि त्या लाळेतला सोडाच कोटीपोटातलं आम्ल मारतो. तुम्ही एका बाजूने लाळ कमी केली आणि दुसऱ्या बाजूने आम्ल वाढवणारा पावाचा स्टार्च ओतला. शिवाय चोथ्यातलं आणि बेकरीच्या मालातलं तेल वेगळंच, तेही फॅट खाली ओढतं. दुपारी गायी बसलेल्या असताना दावणीवरून एक फेरी मारा. बसलेल्या दहांपैकी निदान सहा-सात जणी रवंथ करताना दिसायला हव्यात. तुमच्याकडे तीन-चारच दिसतील असा माझा अंदाज आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. बिअरच्या चोथ्यात साधारण ७५ ते ८० टक्के पाणी असतं. म्हणजे चार किलो चोथा घातला तेव्हा कुठे एक किलो खुराकाइतका कोरडा भाग पोटात गेला. त्या कोरड्या भागात प्रथिनं २५ टक्क्यांच्या आसपास असतात, आणि त्यातला मोठा हिस्सा कोटीपोटात न फुटता पुढे जातो, म्हणून दूध वाढतं. पण प्रत्येक गाडी सारखी नसते. एक गाडी २२ टक्के कोरडी, पुढची १८. वीस किलो घालत असाल तर एकदा ४.४ किलो कोरडा माल गेला आणि एकदा ३.६. गायीला हा फरक कळतो, तुम्हाला कळत नाही. त्यासाठी मी घरचा साधा मायक्रोवेव्ह वापरतो. शंभर ग्रॅम चोथा ताटलीत पसरायचा, आत कोपऱ्यात पाण्याने भरलेला पेला ठेवायचा (नाहीतर शेवटी माल जळतो), तीन-चार मिनिटं फिरवायचा, वजन करायचं, हलवून पुन्हा एकेक मिनिट. वजन उतरायचं थांबलं की जितके ग्रॅम उरले तितके टक्के कोरडा भाग. वीस मिनिटांचं काम आहे, प्रत्येक गाडीला करा आणि वहीत लिहा. महिनाभरात त्या कारखान्याचा स्वभाव कळतो.

पावाबद्दल मी जास्त कडक बोलतो, कारण त्याने माझी एक गाय जाता जाता राहिली. एकदा लागून आलेल्या सुट्ट्यांनंतर बेकरीतून एकदम आठ पोती आली. बुरशी लागण्याआधी संपवू म्हणून त्या संध्याकाळी प्रत्येकीला नेहमीच्या दुप्पट टाकले. सकाळी धारेला गेलो तर एक गाय गव्हाणीकडे पाठ करून उभी. डाव्या कुशीत मूठ दाबून धरली. एरवी मिनिटाला एक-दोनदा कोटीपोट मूठ वर ढकलतं. पाच मिनिटं थांबलो, एकदाही हललं नाही. शेण राखाडी, फेसाळ, आंबूस वासाचं. डॉक्टर वेळेत आले, गाय वाचली, पण त्या वेतात दूध पुन्हा पहिल्यासारखं आलं नाही. तेव्हापासून पाव दिवसाला गायीमागे दीड किलोच्या वर जात नाही, तोही दोन वेळा वाटून, आणि नेहमी वैरणीनंतर. प्लॅस्टिकच्या पिशव्या, क्लिपा, तारा हाताने काढाव्या लागतात. त्यासाठी माणूस नसेल तर पाव घेऊच नका.

फळांची साल-गर या तिघांत सगळ्यात सौम्य. त्यातलं पेक्टिन लवकर आंबतं खरं, पण स्टार्चसारखं लॅक्टिक आम्ल करत नाही. प्रथिनं मात्र फार कमी. एक चांगला योग असा की लिंबूवर्गीय सालीत कॅल्शियम भरपूर आणि फॉस्फरस कमी, तर बिअरच्या चोथ्यात नेमकं उलटं. दोन्ही बरोबर घातले तर खनिजांचा तोल बराच सावरतो, तरी खनिज मिश्रण बंद करू नका.

साठवणीत बहुतेकांची चूक होते. उघडा ढीग गरम हवेत तीन दिवसांत खराब होतो. सकाळी ढिगात कोपरापर्यंत हात घाला. आत गरम लागलं, वास आंबट-गोड न येता कुबट आला, की तो भाग फेकायचा. जास्त दिवस ठेवायचा असेल तर मुरघासासारखा दाबून, हवा काढून, झाकून ठेवा. बुरशी लागलेला भाग बाजूला करून बाकीचा घालू हा हिशेब धरू नका, कारण विष डोळ्यांना दिसत नाही. खाद्यातलं अफलाटॉक्सिन बी१ हे बुरशीचं विष एका दिवसाच्या आत दुधात एम१ या रूपात उतरतं आणि दूध उकळून जात नाही. आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची (कोडेक्स) मर्यादा दुधात किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे, युरोपात तर ०.०५. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरलेला माल कोणी देऊ केला तर लक्षात ठेवा: स्टार्च निघून गेल्यामुळे मूळ मक्यातलं विष त्यात जवळपास तिप्पट दाट होतं.

आता ज्याबद्दल कोणीच विचारत नाही ते. २००४ साली नेदरलँड्समध्ये एका गोठ्याच्या दुधात डायॉक्सिन हे विषारी रसायन सापडलं. माग काढत गेल्यावर ते बटाट्याच्या सालींपाशी पोचलं. कारखान्यात बटाटे निवडायला चिकणमाती कालवलेलं पाणी वापरत होते, डायॉक्सिन त्या मातीत होतं. सोललेला बटाटा माणसांकडे गेला, साली आणि माती गायींकडे. शंभराहून जास्त गोठे बंद ठेवावे लागले. २००८ मध्ये आयर्लंडमध्ये बेकरीचाच माल दूषित तेलाच्या ज्वाळेवर वाळवला आणि तेच झालं. दोन्ही ठिकाणी मूळ पदार्थ स्वच्छ होता. म्हणून कारखान्याला ‘हे काय आहे’ एवढंच विचारून थांबू नका. हे कशाने धुतलं, कशावर वाळवलं, टाकी धुतलेलं पाणी यातच येतं का, आणि ट्रकमध्ये आधी काय होतं, हे विचारा. उत्तर देणारा कारखाना धरून ठेवा. टाळाटाळ करणाऱ्याचा माल फुकट मिळाला तरी नको.

मांस, हाडं, अंडी लागलेलं किंवा हॉटेलच्या ताटातलं उरलेलं गायीला कधीच नाही. १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये ओळखला गेलेला गायींचा मेंदूचा रोग मांस-हाडांच्या भुकटीतूनच पसरला होता.

तुमच्यापुरतं आज काय करायचं? पाव सध्या पूर्ण बंद. चोथा गायीमागे दहा किलोवर आणा, साल आहे तेवढी राहू द्या, काढलेल्या खुराकातला अर्धा परत चालू करा. सकाळी सगळ्यात आधी लांब दांड्याची वाळलेली वैरण, मग बाकीचं. शेण घट्ट व्हायला चार-पाच दिवस लागतील, फॅट वर यायला दोन-तीन आठवडे. फॅट ३.७ च्या वर टिकली की मग पाव अर्ध्या किलोपासून सुरू करा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

आणि आटवलेल्या (विण्याआधी दूध काढणं थांबवलेल्या) गायींना हाच माल देऊ का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. विण्याआधीचे तीन आठवडे लिंबूवर्गीय साल अजिबात नको. त्यातल्या कॅल्शियममुळे गायीचं शरीर हाडांतलं कॅल्शियम काढायचं विसरतं आणि विल्याबरोबर मिल्क फीव्हरने, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम उतरून, ती खाली बसते. तुमच्या गोठ्यात विण्याला तीन आठवडे राहिलेली एखादी असेल तर तिची दावण आजच वेगळी करा.