वाचकांचे प्रश्न : वडिलांची अवजारे आणि धातुशिल्प

प्रश्न : मी चित्रकला शिक्षिका म्हणून नुकतीच निवृत्त झाले आहे. मातीत आणि प्लास्टरमध्ये मी पुष्कळ काम केले, पण धातूला कधी हात लावलेला नाही. गावच्या घरी माळ्यावर वडिलांची अवजारे पडून आहेत : नांगराचे फाळ, खुरपी, विळे, बैलगाडीच्या चाकाची धाव (चाकावरची लोखंडी पट्टी) आणि विहिरीवरची बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कप्पी. त्यांतून एक शिल्प उभे करावे, या इच्छेने मी एका शिल्पकाराच्या स्टुडिओतील सहा दिवसांच्या कार्यशाळेत नाव नोंदवले आहे. या वयात वेल्डिंग जमेल का? आणि ही अवजारे सोबत नेऊ का? — एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : वयाची शंका आपण मनातून काढून टाकावी. शिल्पकलेत वेल्डिंग आणणाऱ्या पहिल्या कलावंतांपैकी एक असलेले हूलिओ गोन्सालेस १९१८ मध्ये फ्रान्समधील रेनॉच्या कारखान्यात गॅस वेल्डिंग शिकले, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. ज्या लोखंडी शिल्पांमुळे त्यांचे नाव राहिले, ती बहुतेक पन्नाशीनंतरची आहेत. १९२८ पासून पिकासोला या कामात साथ देणारे तेच. आपल्याकडे मुंबईच्या पिलू पोचखानवाला (१९२३–१९८६) यांनीही शिल्पकलेचे रीतसर शिक्षण न घेता भंगारातल्या लोखंडातून शिल्पे घडवली. वेल्डिंगला ताकदीपेक्षा स्थिर मनगट आणि नजर अधिक लागते, आणि या दोन्ही गोष्टी इतकी वर्षे फळ्यावर व कागदावर रेषा काढणाऱ्या हाताजवळ असतातच.

अवजारे मात्र पहिल्या कार्यशाळेला नेऊ नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. माळ्यावरचे सगळे आपल्याला ‘लोखंड’ म्हणून एकच दिसत असले, तरी ते एका जातीचे नाही. चाकाची धाव सहसा मऊ लोखंडाची असते आणि ती वेल्डिंगच्या साध्या रॉडने, म्हणजे वितळून जोड भरणाऱ्या धातूच्या कांडीने, सहज जोडली जाते. फाळ आणि विळा यांना धार टिकवायची असते, म्हणून त्यांच्या पोलादात कार्बन जास्त असतो. अशा पोलादावर साधा जोड मारला, तर जोडाशेजारचा भाग झपाट्याने थंड होताना काचेसारखा कडक व ठिसूळ बनतो आणि तेथे बारीक तडा जातो, जो कधी लगेच दिसतो तर कधी दुसऱ्या दिवशी. बिडाची कप्पी तर याहूनही नाजूक, कारण बीड वाकत नाही, सरळ फुटते. वडिलांच्या हातातला फाळ आपल्या पहिल्या कच्च्या जोडामुळे तडकावा, असे आपल्यालाही वाटणार नाही.

म्हणून या सहा दिवसांत आपण लोखंड ओळखायला शिकावे. त्याची सर्वात सोपी परीक्षा ग्राइंडरवर होते. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ आणि थोड्याच फाट्यांच्या असतात. कार्बन जास्त असलेल्या पोलादाच्या ठिणग्या टोकाशी फुलबाजीसारख्या फुटतात. बिडाच्या ठिणग्या आखूड आणि मंद लालसर असतात. ही परीक्षा शिक्षकांसमोर दहा-वीस तुकड्यांवर करून पाहावी, म्हणजे घरी परतल्यावर माळ्यावरच्या प्रत्येक वस्तूची जात आपल्याला स्वतःला सांगता येईल.

सरावासाठी भंगारवाल्याकडून किलोवर मिळणारे पट्टीचे, अँगलचे आणि सळईचे तुकडे न्यावेत. पहिला दीड दिवस काहीही न जोडता, पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या प्लेटवर नुसत्या रेघा ओढाव्यात. अडीच मिलिमीटरचा रॉड, साधारण ७० ते ८० अँपिअर करंट, आणि रॉडचे टोक व प्लेट यांत रॉडच्या जाडीइतकेच अंतर, एवढे सांभाळले की कढईत भजी तळताना येतो तसा एकसारखा चरचर आवाज येऊ लागतो. रॉड चिकटत असेल तर बहुधा करंट कमी असतो; आवाज फडफडू लागला आणि शिंतोडे उडू लागले, तर हात वर गेलेला असतो. हेल्मेटच्या काळ्या काचेआड सुरुवातीला काहीच कळत नाही, तेव्हा हा आवाज फार मोठा आधार असतो. चिपिंग हातोडीने स्लॅग, म्हणजे जोडावर साचलेली काचेसारखी खपली, उडवल्यावर खाली सारख्या लहरींची ओळ दिसली, की समजावे हात बसू लागला.

मातीत काम केलेल्या व्यक्तीला खरे नवल वाटते ते उष्णतेचे. जोड थंड होताना आकसतो आणि सगळा तुकडा आपल्याकडे ओढून घेतो. काटकोनात धरलेली पट्टी एका बाजूने सलग जोडली, तर ती डोळ्यांदेखत त्या बाजूला झुकते. त्यासाठी आधी दोन्ही बाजूंनी छोटे टाके, म्हणजे ठिपक्याएवढे तात्पुरते जोड, मारायचे असतात आणि मग आलटून पालटून थोडे थोडे जोडायचे असते. हे एकदा समजले, की पुढे हाच ओढा आपल्याला हव्या त्या वळणासाठी वापरताही येतो, आणि मला या माध्यमातला तो सर्वात सुंदर भाग वाटतो.

डोळ्यांबद्दल आपण विचारलेले नाही, तरी लिहितो. शिकाऊ असताना एका कार्यशाळेत माझा स्वतःचा जोड चालू नव्हता, म्हणून मी हेल्मेट काढून बसलो होतो. शेजारच्या टेबलावर वेल्डिंग चालू होते आणि त्याचा प्रखर प्रकाश अडवायला मध्ये पडदा नव्हता. त्या वेळी काहीच जाणवले नाही, पण मध्यरात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग सुरू झाली आणि पुढचा दिवस अंधाऱ्या खोलीत गेला. त्यामुळे स्टुडिओत टेबलांमध्ये पडदे आहेत का, हेल्मेटची काच दहा किंवा अकरा नंबरची आहे का, हे आधीच विचारावे. तसे झालेच तर डोळ्यांत दूध किंवा कोणाचे उरलेले थेंब न घालता नेत्रतज्ज्ञांकडे जावे. अंगावर पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि पायांत कातडी बूट असावेत. नायलॉनची साडी किंवा ओढणी नको. जीआय पत्र्यावर जस्ताचा थर असतो आणि त्याच्या धुराने संध्याकाळी ताप भरतो, म्हणून असा तुकडा सुरुवातीला टाळलेलाच बरा. गूळ खाल्ला की धूर बाधत नाही, असे कारागीर सांगतील. त्यावर विसंबू नये, खिडक्या-दारे उघडी ठेवावीत.

फाळांची वेळ पुढच्या कार्यशाळेत येईल. तेव्हा ते आधी सुमारे २०० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून, लो हायड्रोजनच्या (जोडात तडा जाण्याचा धोका कमी करणाऱ्या) कोरड्या रॉडने जोडून, कोरड्या राखेत सावकाश निवू द्यावेत. कप्पीसाठी गॅसच्या ज्योतीवर पितळी रॉडने ब्रेझिंग करणे सुरक्षित, कारण त्यात फक्त पितळ वितळते, बीड वितळवावे लागत नाही. आणि खुरप्याची मूठ किंवा विळ्याची धार जेथे हाताने झिजली आहे, तेथे ग्राइंडर लावू नये. ती झीज आपल्याला कोणत्याही स्टुडिओत तयार करता येणार नाही.

प्रश्न : मी सात वर्षे फॅब्रिकेशनच्या दुकानात गेट, जाळ्या आणि शेड तयार करतो. वेल्डिंग मला येते. शिल्पाच्या कार्यशाळेत माझ्यासारख्याने काय शिकावे? — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आपल्या मार्गाने आलेले थोर शिल्पकार आहेत. अमेरिकेचे डेव्हिड स्मिथ तरुणपणी स्टुडबेकरच्या मोटार कारखान्यात कामाला होते आणि दुसऱ्या महायुद्धात त्यांनी रेल्वे इंजिने व रणगाडे यांवर वेल्डर म्हणून काम केले. पुढे १९५१ च्या सुमारास त्यांनी शेतीच्या अवजारांच्या भागांतून ‘अ‍ॅग्रिकोला’ ही शिल्पमालिका सुरू केली. वरच्या पत्रातील बाईंनीही तिची छायाचित्रे जरूर पाहावीत.

आपला हात गुण्यात (काटकोनात) आणि मापात जोडायला तयार झालेला आहे, म्हणून आपल्याला शिकायचे आहे ते पाहणे. सहा मिलिमीटरची एक सळई घ्यावी, टेप न लावता वाकवावी, प्लेटवर एका बिंदूवर उभी करावी आणि तिच्याभोवती चारही बाजूंनी फिरावे; समोरून डौलदार वाटणारी रेषा मागून लुळी दिसते, हे गेट बनवताना कधी जाणवत नाही, कारण गेट दोनच बाजूंनी पाहिले जाते. दुसरे असे, की प्रत्येक जोड घासून नाहीसा करण्याची सवय इथे थोडी आवरावी, आणि कोणता जोड दिसू द्यायचा हे दर वेळी ठरवावे. सुरुवातीला सगळे केवळ टाक्यांवर उभे करून रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी ताज्या नजरेने जो तुकडा खटकेल, त्याचा टाका ग्राइंडरने कापून तो पुन्हा बसवता येतो. पूर्ण जोड मारल्यावर तेच काम तासाभराचे होते.