चालायला लागलेलं मूल आणि परदेशातलं पहिलं ख्रिसमस ट्री

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दादरचं घर आवरून ऑक्टोबरात न्यू जर्सीला येताय, डिसेंबरात लेक सव्वा वर्षाची होईल, तर घरात ख्रिसमस ट्री ठेवावं का आणि मुंबईहून काय आणावं?

ठेवा, जरूर ठेवा. इथे डिसेंबरात संध्याकाळी साडेचारलाच अंधार पडतो, घरात उजेडाचं झाड हवंच. फक्त मखराचा अनुभव इथे धरू नका. गणपतीत मखराजवळ दीड, पाच, फार तर दहा दिवस कुणी ना कुणी बसलेलं असतं. आजी असते, शेजारच्या काकू असतात. इथे झाड महिनाभर उभं असणार आणि घरात तुम्ही दोघंच, त्यातलं एक जण स्वयंपाकघरात. त्यामुळे ‘लक्ष ठेवू’ यावर काहीच सोडू नका. लेकीने ओढलं तरी काही बिघडणार नाही, अशा बेताने झाड उभं करा.

पहिल्या वर्षी दोन-तीन फुटांचं कृत्रिम झाड उंच आणि जड कपाटावर ठेवणं सगळ्यात सोपं. खाली लोंबणारं कापड मात्र नको, मूल आधी तेच ओढतं. सहा फुटीच हवं असेल तर ते पडतं कसं ते समजून घ्या. मूल खोड हलवत नाही, ते खालची फांदी किंवा दिव्यांची वायर धरून लोंबकळतं. कृत्रिम झाडाचा पाया म्हणजे तीन-चार बारीक पाय, ते तेवढ्याने उचलले जातात. प्रत्येक पायावर तांदळाची दोन-तीन किलोची पिशवी ठेवा, वर कापड गुंडाळा. मग झाड कोपऱ्यात घेऊन भिंतीला बांधा.

बांधणं नीट करा. इथल्या बहुतेक घरांच्या आतल्या भिंती मुंबईसारख्या विटांच्या किंवा काँक्रीटच्या नसतात, जिप्सम बोर्डाच्या असतात. जिप्सम बोर्डाला हुक लावला तर एका हिसक्यात निघतो. बोर्डाच्या मागे लाकडी उभ्या पट्ट्या असतात, बहुतेक घरांत १६ इंचांच्या अंतराने. भिंतीवरून छोटं लोहचुंबक फिरवा, ते जिथे चिकटेल तिथे स्क्रू आहे, म्हणजे पट्टीही तिथेच. कोपऱ्याच्या दोन्ही भिंतींवर, झाडाच्या साधारण दोन तृतीयांश उंचीला, एकेक आयहुक (गोल कडीचा स्क्रू) पट्टीत पिळून बसवा. मासेमारीची जाड नायलॉन दोरी खोडाभोवती बांधून दोन्ही हुकांना ताणा. एकाच हुकाला बांधलं तर झाड बाजूला फिरतं. दोरी ताठ हवी, उरलेलं टोक कापून टाका. सैल फास मुलाच्या हाती लागू देऊ नका. भाड्याचं घर असेल तर घरमालकाला आधी विचारा. नंतर भोकात लांबी (पुट्टी) भरून रंगाचा हात दिला की झालं. चिकटवायचे हुक या कामाचे नाहीत.

भोवती मुलांचं कुंपण घालायचं असेल तर फांद्यांपासून लेकीच्या हाताच्या दुप्पट अंतरावर घाला आणि त्याची टोकंही भिंतीला अडकवा. नाहीतर ती कुंपणच ढकलत झाडापर्यंत नेईल. सोफा आणि खुर्च्याही लांब ठेवा, त्या तिच्यासाठी शिड्याच आहेत.

क्रॉफर्ड मार्केटमधून दिव्यांच्या माळा आणू नका. त्या २३० व्होल्टच्या, इथे १२० व्होल्ट. ॲडॅप्टर फक्त पिन बदलतो, व्होल्टेज नाही. इथेच यूएल (UL, सुरक्षा-चाचणीची) खूण असलेली एलईडी माळ घ्या. वायर झाडाच्या मागून उतरवून भिंतीलगत टेपने चिकटवा, प्लग जड कपाटामागे ठेवा आणि झोपताना बंद करा.

मुंबईहून आणण्यासारखं म्हणजे कापडी आणि लोकरी वस्तू. पाळण्यावरचं चिमणाळं असेल तर त्यातल्या चिमण्या सुट्या करून टांगा, झाड आपलं वाटतं. आधी एकेक चिमणी हातात घेऊन डोळ्यांचे मणी, टिकल्या, आरसे ओढून पाहा. निघत असतील तर कापून टाका आणि डोळे दोऱ्याने भरा. कागदी छोटे आकाशकंदीलही चालतील, पण वरच्या फांद्यांवर. सुकी फळं, बिया, गवताची तोरणं आणू नका. अशा वस्तू विमानतळावर जाहीर कराव्या लागतात आणि काढूनही घेतल्या जातात.

लेकीला भिंतीशी उभं करून हात वर करायला लावा, खूण करा, त्याच्या वर आणखी वीतभर सोडा. त्या रेषेखाली फक्त कापड आणि लोकर. काच, चमकी, साखरेच्या कांड्या वर किंवा नकोतच. टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती घशात अडकू शकते. तारेच्या हुकांऐवजी रिबिनीच्या गाठी मारा.

सगळ्यात जास्त भीती बटण सेलची, म्हणजे नाण्यासारख्या छोट्या चपट्या बॅटरीची. गाणारी कार्डं, लुकलुकणारे छोटे दिवे, रिमोट, अशा अनेक वस्तूंत तो असतो. गिळल्यावर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते, आणि सुरुवातीला मूल ठीकच दिसतं. ज्याचं झाकण स्क्रूने बंद होत नाही ती वस्तू घरातच आणू नका. गिळल्याची शंका आली तरी लगेच इमर्जन्सीत जा. वर्षावरच्या मुलाला, ते गिळू शकत असेल आणि सेल गिळून १२ तास झाले नसतील तर, वाटेत दर १० मिनिटांनी चहाचे दोन छोटे चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मधासाठी निघायला उशीर करू नका, उलटी करवू नका. पॉइझन कंट्रोलचा (विषबाधेच्या मदतसेवेचा) नंबर १-८००-२२२-१२२२ आजच फोनमध्ये घाला. मूल घुसमटत असेल तर थेट ९११.

खरं झाड आणायचं असेल तर भाडेकरार आधी वाचा, काही इमारतींत त्याला मनाई असते. फ्रेझर फर या जातीच्या झाडाची सुया (सुईसारखी पानं) धरून ठेवण्याची ताकद चांगली. बुंध्याचा अर्धा-एक इंच ताजा काप घेऊन लगेच पाण्यात ठेवा, उशीर झाला की डिंकाने काप बंद होतो. पहिल्या दिवशी चारेक लिटर पाणी पिऊ शकतं, मग रोज पाहा. स्टँडमध्ये साधं पाणीच, खताच्या पुड्या नकोत, कारण लेक त्यात हात घालणार. वर पुठ्ठ्याचं झाकण बसवा. हीटरपासून किमान तीन फूट दूर ठेवा, सुकलेलं झाड क्षणात पेटतं.

जानेवारीत झाड उतरवलं की गालिचावर व्हॅक्यूम दोनदा फिरवा. त्याआधी तेच लोहचुंबक खालून फिरवून घ्या, पडलेले हुक आणि सेल बरेचदा त्यालाच चिकटून येतात.