१०० किलोमीटरच्या सायकल राइडला तासाला एक लिटर पाणी प्यायचंच का?

प्यायचंच असं काही नाही. मी दर्यापूर तालुक्यातला. दर्यापूर-अंजनगाव-परतवाडा आणि परत, अशी शंभरेक किलोमीटरची फेरी बऱ्याचदा मारतो. पहिल्या उन्हाळ्यात मीही असाच आकडा धरून नुसतं साधं पाणी ढोसत गेलो. परतताना पोट डचमळलं, डोकं ठणकलं, बोटातली अंगठी निघेना. ऊन लागलं समजून आणखी पाणी प्यायलो. नंतर डॉक्टर म्हणाले, घामावाटे मीठ गेलं आणि वरून पाणी ओतल्यानं रक्तातलं सोडियम उतरलं. हे जिवावरही बेतू शकतं.

तेव्हापासून काट्यावर उभा राहतो. आमच्याकडे कापूस मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे, तोच. एका एप्रिलमध्ये निघताना ६८.४ किलो होतो, दोन तासांनी ६७.२. मधात एक लिटर प्यायलो होतो, लघवीला गेलो नव्हतो. म्हणजे घाम २.२ लिटर, तासाला १.१. तो सगळा भरून काढायची गरज नसते. वजन दोन टक्क्यांहून जास्त उतरू नये एवढं पाहायचं. पाच तासांच्या राइडला माझं गणित तासाला ८०० ते ८५० मिलीवर येतं. डिसेंबरात अर्ध्या लिटरात भागतं. तुमचा घाम वेगळा, तुमचा आकडा तुम्हीच काढा. परतल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर नक्कीच जास्त प्यालात.

आपल्याकडची गोम अशी की कोरड्या उन्हात घाम अंगावर दिसतच नाही, वाऱ्यानं लगेच सुकतो. बनियनवर पांढरे डाग पडले की समजायचं. मी एका बाटलीत साधं पाणी ठेवतो, दुसरीत लिटरला सहा सपाट चमचे साखर अन् अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. चव नकोशी वाटली तर लिंबू पिळा. अंजनगावला केळी मिळतातच. खिशात कांदा ठेवा म्हणणारे भेटतील, ठेवा बापडे, पण बाटली भरा.

आणि खारपाणपट्ट्यातल्या हापशीवर भरवसा ठेवू नका. 'पाणी खारंच आहे, मीठ वेगळं कशाला' म्हणून एकदा मी तिथंच बाटली भरली होती. त्या क्षारांत काय किती, याचा हिशेब नसतो, आणि तहान तर भागतच नाही. घरून भरून निघा, नाहीतर गावातल्या आरओच्या पाण्याची कॅन शोधा.