इंग्लंडमधल्या लेस्टरचं कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या पालिकेचं भाड्याचं घर सोडताना नुसती चावी दिली तर चालेल का?

नाही चालत. मामा कायमचे नाशिकला इंदिरानगरला येतायत ना, मग त्यांना सांगा आधी लेखी नोटीस द्या, साधारण ४ आठवड्यांची, आणि ती संपेपर्यंत भाडं चालूच राहतं, घर रिकामं असलं तरी. आणि करार मामा-मामी दोघांच्या नावावर असेल तर प्लीज जपून, एकट्याच्या नोटिशीनेही सहसा दोघांचा करार संपतो, मामी मागे थोडे दिवस राहणार असतील तर आधी कौन्सिलशी बोला, नोटीस नंतर. निघताना गॅस-लाईटच्या मीटरचे फोटो काढा, माळ्यावरचं सामानसुद्धा काढा नाहीतर उचलायचा खर्च मागू शकतात, आणि चावीची पावती घ्याच. कौन्सिल टॅक्स, म्हणजे आपल्या घरपट्टीसारखा, त्यासाठी घर सोडल्याचं वेगळं कळवायचं.